गोधडीवरची सही

टँकरचं पुढचं चाक गोधडीच्या काठावर चढलं. गोधडीच्या मधोमध ती पोरगी मांडी घालून बसली होती आणि चाक तिच्या गुडघ्यापासून हातभर लांब होतं. इंजिन चालूच होतं, त्याची धग आमच्या तोंडावर येत होती. केबिनमध्ये दोघंजण होते. ट्रान्सपोर्टचा मालक बाजूनं हात घालून हॉर्न दाबत होता आणि गाडी चालवत होता तो या पोरीचा सख्खा बाप.

बाकीची पोरं ओरडत उठली. मी उठले नाही, कारण माझे गुडघे मला एकदम उठू देत नाहीत. ती उठली नाही, कारण तिला उठायचं नव्हतं. मांडीवरच्या वहीत ती काहीतरी लिहीत होती. मी वाकून बघितलं. किती वाजले ते लिहून झालं होतं, आता गाडीचा नंबर लिहीत होती. लहानपणापासून पाठ असलेला नंबर, पण एकेक आकडा वर बघून खाली उतरवत होती.

खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी आधी गोधडीची काळजी वाटली. बारा दिवसांचं काम होतं माझं. शिवाय तिच्यावर ती सही होती.

पोरीचं नाव मी लिहीत नाही. नाव तिचं आहे, लिहायचं तर तिनं लिहावं. दौंडात रेल्वे लाइनीजवळ माझ्या दोन खोल्या आहेत. एकीत मी राहते आणि गोधड्या शिवते, दुसरी भाड्यानं देते. ती शिक्रापूरजवळच्या एका खेड्यातली. बीएस्सीला इथल्या कॉलेजात नंबर लागला म्हणून आली आणि माझ्याकडं तीन वर्षं राहिली. बाप सोडायला आला होता. डिझेलचा टँकर चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं ट्रंक उतरवली, दाराची कडी दोनदा लावून बघितली, बल्ब लावून बघितला आणि मला म्हणाला, "मावशी, पोरगी गुणाची हाय. फकस्त कागदाचं येड हाय तिला."

मला वाटलं, पुस्तकं वाचत असेल. दुसऱ्याच दिवशी कळलं. माझ्याकडून नेलेली वाटीभर साखर तिनं परत आणून दिली आणि सोबत एक चिठ्ठी पुढं केली. 'एक वाटी साखर परत मिळाली.' खाली सहीसाठी रेघ मारलेली.

"हे काय गं?"

"पोच हाय, आजी. सही करा."

"वाटीभर साखरेची सही? उद्या माझ्या नळाचं पाणी पिशील, त्याची बी घेशील."

"पाण्याची न्हाई. पाणी कुठं परत करते मी?"

मी चौथीपर्यंत शिकलेली. माझी सही म्हणजे पाच अक्षरं, एकेक लिंबाएवढं. ती चिठ्ठी तिनं वहीत चिकटवून ठेवली. पुढं झाडू नेला तरी पोच, निरोप दिला तरी पोच. दूधवाल्यानं एकदा तिला हात जोडले आणि तिच्या वेळेला गल्लीत यायचंच सोडलं.

हे कुठून शिकलीस, असं मी तिला विचारलं होतं.

"आबांकडून. आबा टँकर खाली करायला गेले की आधी गाडी बंद करत्यात, चाकाला लाकडी ठोकळा लावत्यात आन् चावी तिथल्या वॉचमनच्या हातात देत्यात. माल मिळाला अशी सही झाल्याबिगर चावी परत घेत न्हाईत. मालक किती का बोंबलंना."

दुसरी खोड वासाची. काहीही तोंडात घालायच्या आधी ती त्याचा वास घ्यायची. माझ्या आमटीचासुद्धा. मी एकदा ताट काढून घेतलं तेव्हा म्हणाली, "तुमच्यावर संशय न्हाई आजी, सवय हाय." उन्हाळ्यात पत्र्यावर पाणी शिंपडायची आणि खोलीतला पारा किती उतरला ते दारावर खडूनं लिहायची. ते आकडे अजून दारावर आहेत. रंग द्यायचाच आहे, म्हणून मी पुसले नाहीत.

कुठलाही अर्ज लिहिला की पहिल्यांदा मला वाचून दाखवायची. "तुम्हाला समजला म्हंजी प्राचार्यांना समजायलाच पाहिजे," असं तोंडावर म्हणायची. मला राग यायचा नाही, कारण ते खरं होतं. तिचा पहिला अर्ज तीन पानांचा होता. मी म्हटलं, "कागद द्यायचाय का पोथी लावायचीय? काय पाहिजे ते चार वळीत लिही. त्याच्यापुढं कोण वाचत न्हाई."

आता तिला काय पाहिजे होतं ते सांगते.

कॉलेजच्या पलीकडं एका तेल कंपनीचा डेपो आहे. डिझेल आणि भट्टीचं काळं तेल विकणारी कंपनी. कंपनीनं कॉलेजला नवीन प्रयोगशाळा बांधून दिली. जनरेटर दिला, वर त्याला महिन्याच्या महिन्याला डिझेल फुकट. पोरांना टी-शर्ट दिले, पिशव्या दिल्या, सगळ्यांवर कंपनीचा शिक्का. हिनं आपल्या पिशवीवरचा शिक्का कात्रीनं कापला आणि त्या भोकावर माझ्या टोपलीतलं ठिगळ लावलं. त्याची पोच मात्र मला दिली.

एवढं देणारी कंपनी काहीतरी घेणारच. पोरांनी कुठला प्रकल्प करायचा हे ठरवणाऱ्या कमिटीत कंपनीचा माणूस बसला. हिनं आणि तिच्या मैत्रिणीनं डेपोमागच्या विहिरींचं पाणी तपासलं होतं. तो अहवाल कमिटीनं कपाटात टाकला. कंपनीच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर एक ओळ होती, की विद्यार्थी कंपनीच्या विरोधात बोलणार नाही, लिहिणार नाही. हिनं ती ओळ वाचली आणि शिष्यवृत्ती सोडली. वर्गातल्या बाकीच्यांनी ओळ वाचलीच नव्हती.

मग कंपनीच्या साहेबाचं व्याख्यान झालं. ऊन वाढतंय ते निसर्गाचं चक्र आहे, तेल-कोळसा जाळण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, असं तो म्हणाला. ही उठून उभी राहिली. "साहेब, हे लिहून द्याल का? खाली सही करून?" साहेब हसला आणि पाणी प्यायला. लिहून दिलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर माझं आणि तिचं वाजलं. माझं लहानपण दौंडच्या इंजिनशेडच्या राखेत गेलं आहे. वाफेच्या गाड्यांची राख बाहेर टाकायचे, तिच्यातून आम्ही पोरीबाळी अर्धवट जळलेले कोळसे वेचायचो. आमची चूल त्यावर पेटायची, उरलेला कोळसा आई विकायची.

मी म्हटलं, "कोळशाला नावं ठेवू नकोस माझ्यापुढं. कोळशानं जगवलं आम्हाला."

"मला डिझेलनं जगवलं, आजी. फी डिझेलची, ही चप्पल डिझेलची. मी कुठं न्हाई म्हणते?"

"मग कशाला त्यांच्या वाटंला जाती?"

"त्यांनी तेल विकावं. पण मी काय शिकायचं ते तेलवाल्यानं का ठरवावं?"

 वाद हरले की मी भाकरी थापायला बसते. तशी बसले.

पोरं जमायला लागली. पहिल्यांदा माझ्या ओट्यावर चारजण होती. घाबरत होती. एक पोरगा म्हणाला, "उद्या आपल्याला कुरकुंभच्या कारखान्यांतच नोकरी मागायला जायचंय. नाव खराब झालं तर?" ही म्हणाली, "नोकरी मागायला जाऊच की. पण काहीतरी शिकून जाऊ." महिनाभरात एकसष्ट पोरापोरींनी निवेदनावर सह्या केल्या. हिनं प्रत्येकाला सही केल्याची पोच दिली.

आणि नेमकं तिलाच पोच मिळेना. निवेदन घेऊन तीनदा ऑफिसात गेली. कारकून म्हणाला, आवकचा शिक्का प्राचार्यांच्या कपाटात आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवलं, तर पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. चौथ्यांदा मी बरोबर गेले. प्राचार्य माझ्याकडं बघून म्हणाले, "आजी, यातलं तुम्हाला काय कळतं? तुम्ही आपल्या गोधड्या शिवा."

मी घरी आले. गोधड्या शिवायला लागले.

पंधरा दिवसांनी कॉलेजचा शिपाई माझ्याच दारात पोतं घेऊन आला. "आजी, कंपनीचा मोठा साहेब येनार हाय गॅदरिंगला. शाल द्यायची न्हाई, गोधडी द्यायची ठरलीय. आपल्या मातीतलं काहीतरी. ह्यात उरलेले टी-शर्ट हायेत, ह्येच लावा म्हणाले सर. शिक्का वर दिसला पाहिजे."

ती दारातच उभी होती. शिपाई गेल्यावर पोत्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, गोधडीची उलटी बाजू कोण बघतं?"

"शिवणारी बघती. घेणारा जाणता आसंल तर त्यो बी. टाका खालूनच पारखत्यात."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. वरून कंपनीचे टी-शर्ट लावले, शिक्के एका रांगेत, प्राचार्यांच्या मनासारखे. खाली माझ्या गडद निळ्या लुगड्याचं अस्तर. त्या अस्तरावर पांढऱ्या दोऱ्यानं निवेदन शिवलं. कमिटीतून कंपनीचा माणूस काढा. विहिरींचा अहवाल कपाटातून बाहेर काढा. शिष्यवृत्तीची तोंड बंद ठेवायची अट काढा. आम्ही इथं शिकायला आलो आहोत. चौथी ओळ माझी आहे. त्याखाली एकसष्ट नावं. अक्षरं तिनं खडूनं काढली, दोरा मी घातला. कोपऱ्यात एक पांढरं फडकं लावलं, त्यावर 'मिळाले' एवढंच शिवलं आणि एक रेघ.

तिला मी एकदाच विचारलं, "काढून टाकलं कॉलेजातनं तर?"

"टाकतील," ती म्हणाली. "पण लेखी द्यावं लागंल."

गॅदरिंगला मला स्टेजवर बोलावलं. गोधडी शिवणाऱ्या आजींच्याच हस्ते द्यायची, असं प्राचार्यांनीच ठरवलेलं. फोटो चांगला येतो. मी साहेबाच्या हातात गोधडी दिली आणि म्हटलं, "साहेब, गोधडी उलटी करून बघायची असती. टाका बघा. आवडला आसंल तर कोपऱ्यात सही करा, पोरांना बरं वाटंल."

साहेबाला सह्या करायची सवय होती. हिनं खालून जाड पेन पुढं केलं. त्यानं हसत हसत सही केली, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि हिनं "साहेब, तारीख" म्हटल्यावर तारीखही घातली. मग वाचलं. वाचताना ओठ हलत होते त्याचे. पोरांनी टाळ्या सुरू केल्या त्या थांबेनात. प्राचार्यांनी माईक बंद करायला लावला. जनरेटर मात्र चालूच होता.

साहेब गोधडी खुर्चीवर टाकून गेला. शिपायानं ती गुंडाळून माझ्याकडं आणली. "घे माय, हे तुझं तुझ्याकडं ठेव. माझ्या नोकरीवर येईल."

त्यानंतर परीक्षा आली. हिचं आणि आणखी तिघांचं हॉल तिकीट अडवलं. कारण शिस्तभंग. हिनं कारण लेखी मागितलं, ते दिलं नाही. पेपरला दोन दिवस राहिले होते. तेव्हा पोरं गेटसमोर बसली. चैत्रातलं ऊन, खाली तापलेलं डांबर. मी गोधडी नेऊन अंथरली, निळी बाजू वर. एकतर बसायला झालं आणि दुसरं म्हणजे सही सगळ्यांना दिसली.

तासाभरानं टँकर वळणावर दिसला. जनरेटरला डिझेल द्यायची ती फेरी. कंपनीचं डिझेल वाहणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या मालकानं त्या फेरीवर मुद्दाम हिच्या बापाला घातलं होतं आणि स्वतः शेजारी बसून आला होता. त्याचा हिशोब सरळ होता. बापाची गाडी बघून पोरगी उठेल, आणि नाही उठली तर बापाची नोकरी जाईल.

वळणावरून तो ओरडत होता ते आम्हाला ऐकू येत होतं. "घे पुढं! पळत्यात बघ आत्ता!"

गाडी हळूहळू आली. बापाला वाटत होतं पोरगी उठेल. पोरीला वाटत होतं बाप थांबेल. दोघं एकाच वळणाची. आणि चाक गोधडीवर चढलं.

तिनं नंबर लिहून पूर्ण केला. वही मिटली. वर बघितलं.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. इतकी शांतता झाली की पेन पडल्याचा आवाज आला. पेन तिच्याच हातातून पडलं होतं.  

बाप खाली उतरला. डोक्याला बांधलेलं फडकं काढून तोंड पुसलं. मग टँकरच्या बाजूच्या पेटीतून दोन लाकडी ठोकळे काढले. एक मागच्या चाकाला लावला. दुसरा घेऊन पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि चाक आणि पोरगी यांच्यामध्ये जी हातभर जागा होती तिथं तो ठोकळा घट्ट बसवला. हातानं दोनदा दाबून बघितला, खोलीची कडी बघितली होती तसा.

"आबा, चाक गोधडीवर हाय."

"बघितलं."

"मी उठंन असं वाटलं तुम्हाला?"

"व्हय. तुला काय वाटलं?"

"तुम्ही थांबाल."

"थांबलो की."

तो उठला, गेटवरच्या वॉचमनकडं गेला आणि चावी त्याच्या हातात दिली. "मामा, गाडी लागली. रजिस्टरला टाइम घ्या."

मालक केबिनमधून ओरडला, "अय, चावी आण इकडं! मी घेतो गाडी पुढं!"

वॉचमन म्हातारा माणूस.  त्यानं वेळ लिहिली आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. "शेठ, माल खाली झाल्याबिगर चावी द्यायची न्हाई, असं लिवलंय. पाटी तुमच्या तेल कंपनीनंच लावलीय."

माल खाली करायला आवार उघडं पाहिजे आणि चलनावर प्राचार्यांची सही पाहिजे. आवाराच्या तोंडाशी आम्ही बसलो होतो. भरलेला टँकर उन्हात उभा. तासाभरात पोलीस आले. त्यांचे फौजदार टँकरभोवती एक फेरी मारून आले आणि घाम पुसत म्हणाले, "हे जे काय असंल ते आत्ता मिटवा." तेव्हा कुठं प्राचार्य बाहेर आले, हातात छत्री धरून. चलनावर सही करायला पेन काढलं.

ती गोधडीवरून न उठता म्हणाली, "सर, आधी आमच्या कागदाची."

प्राचार्यांनी पोलिसांकडं बघितलं. पोलिसांनी घड्याळाकडं बघितलं. शिपायाला आत पाठवून शिक्का आणला. कपाटातलाच. निवेदनाच्या प्रतीवर आवकचा शिक्का बसला, खाली प्राचार्यांची सही. मग चार हॉल तिकिटं आली. तिनं एकेक नाव तपासलं, ती मिळाल्याची पोच स्वतः लिहून प्राचार्यांना दिली आणि मग उठली. पाय बधिर झाले होते, बापानं दंडाला धरलं.

पुढच्या महिन्यात कंपनीचा माणूस कमिटीतून गेला. शिष्यवृत्तीच्या कागदावरची ती ओळ गेली. विहिरींचा अहवाल अजून कपाटात आहे. तिच्यामागून आलेली पोरं दर महिन्याला त्याच्यासाठी अर्ज देतात आणि शिक्का मारून घेतात. अर्ज आधी मला वाचून दाखवतात. चार ओळींच्या वर गेला तर मी परत पाठवते.

बापाची नोकरी त्याच दिवशी गेली. आता तो शिरूरकडं दुधाचा टँकर चालवतो. दुधाच्या गाडीलाही ठोकळा लावतो म्हणे, लोक हसतात. ती पुण्यात पुढचं शिकते. गोधडी तिच्याकडं आहे. टायरचा डाग धुऊन गेला नाही. मी रॉकेल लावून बघ म्हणाले होते, तर म्हणाली, राहू दे. खोली सोडताना तिनं मला किल्ली दिली आणि पोच मागितली. मी सही केली.

त्या दिवशी गेटसमोर सात पोरं, चार पोरी आणि मी, असे बाराजण होतो. केबिनमध्ये दोघं. चौदाचे चौदा जिवंत आहोत.